घाट उतरताना ब्रेकचे पॅडल मऊ का पडते?

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या पेट्रोल गाडीला एबीएस आहे. कासहून परतताना यवतेश्वरच्या घाटात ब्रेकचे पॅडल एकाएकी मऊ पडून पार खाली गेले. अर्धा तास थांबल्यावर ते पूर्ववत झाले. गॅरेजमध्ये ‘पॅड चांगले आहेत’ असे सांगितले. एबीएस बिघडले असेल काय? पेट्रोल वाचावे म्हणून मी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतो. — एक वाचक, सातारा

उत्तर : आपण सांगितलेल्या लक्षणांवरून दोष एबीएसचा नसून जुन्या ब्रेक ऑइलचा असावा. पॅडलचा दाब चाकांपर्यंत नेणारे हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. झाकण घट्ट असले तरी रबरी नळ्यांतून तो झिरपतच राहतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटभर पाय ब्रेकवरच राहिल्यास चाकाच्या डिस्कची उष्णता कॅलिपरमधील, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातील, ऑइलपर्यंत पोहोचते आणि वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते. म्हणून पॅडल खाली जाते, आणि गाडी थंड झाल्यावर बुडबुडे विरत असल्याने गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. एबीएसचे काम चाक लॉक होऊ न देण्याचे आहे. ऑइलमध्ये दाबच तयार होत नसेल, तर ते काहीही करू शकत नाही.

न्यूट्रलची सवय कृपया आजच सोडा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधनपुरवठा बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून घातक, कारण दोन-तीनदा ब्रेक दाबताच बूस्टरमधील, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातील, निर्वात संपतो आणि पॅडल दगडासारखे होते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

ऑइल वरून भरू नका, चारही चाकांतून जुने काढून पूर्ण बदलून घ्या. मिस्त्रींना काढलेले ऑइल दाखवायला सांगा. नवे फिकट पिवळे असते, आपले बहुधा चहासारखे निघेल. झाकणावर छापलेलीच प्रत वापरावी, डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल त्यात मिसळू नये. पुढे साधारण दर दोन वर्षांनी बदल करावा. मात्र गाडी थंड असतानाही पॅडल खाली जात असेल, तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचा (पॅडल दाबल्यावर ऑइलमध्ये दाब तयार करणाऱ्या भागाचा) दोष संभवतो. तेव्हा गाडी चालवत न नेता टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी.