जमैकाने कर्जाचा डोंगर नेमका कसा उतरवला?

कर्जमाफीने नाही, हे आधी लक्षात घ्या. 2013 च्या सुमारास जमैकाचं सरकारी कर्ज जीडीपीच्या सुमारे 145 टक्के होतं. 2010 मध्ये देशांतर्गत रोखे बदलून व्याज कमी केलं होतं, पण खर्चाची शिस्त टिकली नाही आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा (आयएमएफ) कर्जकार्यक्रम वर्षभरातच अडकला. फेब्रुवारी 2013 मध्ये पुन्हा रोखेबदल झाला: मुद्दल तेवढंच, व्याज कमी, मुदत लांब. खरा भार पुढे होता. व्याजाचा खर्च वगळून सरकारी उत्पन्नातून जीडीपीच्या 7.5 टक्के शिल्लक दरवर्षी काढायची! त्यासाठी सरकारी नोकरांचे पगार गोठवले, करसवलती छाटल्या.

हे टिकलं कशामुळे? माझ्या मते ‘ईपॉक’ या देखरेख समितीमुळे. बँका, उद्योग आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधी त्यात होते आणि आकडे जनतेसमोर नियमित मांडले जात. 2016 मध्ये सत्ता पीएनपी या पक्षाकडून प्रतिस्पर्धी जेएलपी पक्षाकडे गेली, तरी धोरण बदललं नाही. 2019-20 पर्यंत कर्जाचं जीडीपीशी प्रमाण 100 टक्क्यांखाली आलं.

किंमतही मोजावी लागली. रस्ते, शाळा, दवाखाने यांच्यासाठी पैसा कमी उरला आणि वाढीचा दर त्या काळात जेमतेम एक-दीड टक्क्याच्या आसपास रेंगाळला.