कलम एकटं वाचू नकोस

प्रिय वकीलबाई,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मेसेज वाचला. तू 'शब्दशः अर्थ लावा' म्हणून उभी राहिलीस, समोरच्या वकिलांनी 'कायद्याचा हेतू बघा' म्हणत दोन निवाडे पुढे सरकवले आणि साहेबांनी त्यांचं ऐकलं. त्यावरून तू ठरवून टाकलंस की अर्थ लावणं ही शेवटी न्यायाधीशाच्या मर्जीची गोष्ट. थोडीफार आहेही, नाही म्हणालो तर बार रूममध्ये मलाच हसतील. पण सगळं मर्जीवर ढकलून मोकळी होऊ नकोस.

अर्थ लावण्याची सूत्रं जोडीनं येतात. शब्द स्पष्ट असतील तर हेतू शोधत बसायचं नाही, हे एक. शब्दशः अर्थानं कायदाच निकामी होत असेल तर तो अर्थ टाळायचा, हे दुसरं. दोन्हींना सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. त्यामुळे तू एक सूत्र काढलंस की समोरचा दुसरं काढणारच. त्याला खोडता येणार नाही असं काहीतरी तुझ्या हातात हवं, आणि ते बहुतेक वेळा त्याच कायद्यात, कधी कधी त्याच पानावर असतं.

अकोल्याच्या पान-व्यापाऱ्यांचा खटला घे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्यात करमुक्त मालाची अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेली यादी, होती. त्यात सहाव्या क्रमांकावर भाजीपाला आणि छत्तिसाव्या क्रमांकावर विड्याची पानं. १९४८ च्या दुरुस्तीनं छत्तिसावी नोंद काढून टाकली आणि पानांवर कर लागला. व्यापारी म्हणाले, पान वेलीवर उगवतं, शब्दकोश बघा, वनस्पतीपासून येतं ते सगळं या शब्दात बसतं. म्हणजे आम्ही सहाव्या नोंदीखाली सुटलो. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. करकायद्यातला रोजच्या वापरातला शब्द शब्दकोशातून किंवा वनस्पतिशास्त्रातून नव्हे, तर घेणारे-विकणारे ज्या अर्थानं वापरतात त्या अर्थानं घ्यायचा, असं सांगितलं. बरोबरच आहे. भाजी आणायला पाठवलेला माणूस शंभर विड्याची पानं घेऊन परतला तर घरात काय होईल, हे तुला मी सांगायला नको.

आजवर हा निवाडा साईट करणारे जवळजवळ सगळेच वकील त्या 'लोकव्यवहारातल्या अर्था'पाशी थांबताना मी पाहिले आहेत. माझ्या मते त्याचं खरं बळ दुसरीकडे आहे, आणि न्यायालयानंही ते नोंदवलं आहे. पानं जर भाजीपाल्यात येत होती, तर विधिमंडळानं छत्तिसावी नोंद वेगळी घातलीच कशाला? आणि मुद्दाम काढून टाकलेली वस्तू सहाव्या नोंदीच्या मागच्या दारानं परत कशी येईल? याला उत्तर नाही. लोकव्यवहारावर वाद घालता येतो, अनुसूचीवर नाही.

म्हणून बेअर ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराच्या पुस्तकात, जिथे तीन फुल्या दिसतात आणि तळाशी बारीक अक्षरात 'अमुक दुरुस्तीनं वगळले' असं लिहिलेलं असतं, तिथे थांबत जा. काय होतं, कधी गेलं, जागी काय आलं, हे शोध. आपल्याकडचे निम्मे ज्युनियर ती तळटीप वाचत नाहीत. सिनियरही, खरं तर.

बाजारातला अर्थ दरवेळी निकाल देतोच असंही नाही. खोबरेल तेल बघ. आपल्याकडे ते डोक्याला लावतात, केरळात त्यात स्वयंपाक होतो. लहान बाटलीत विकलेलं शुद्ध खोबरेल तेल अबकारी करासाठी खाद्यतेल धरायचं की केशतेल? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध मतं दिली. १८ डिसेंबर २०२४ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला: बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल होत नाही, वेष्टनावर, लेबलावर तसं म्हटलं असेल तरच होतं. गिऱ्हाईक काय समजतं यावर दोन्ही बाजू मनसोक्त बोलल्या असत्या आणि दोन्ही खऱ्या ठरल्या असत्या. पण अबकारी दरपत्रकात खोबरेल तेलाला नावानिशी नोंद होती, आणि त्यातल्या केशप्रसाधनांच्या प्रकरणाला (चॅप्टरला) एक टीप होती की माल त्या वापरासाठीच्या किरकोळ वेष्टनात असायला हवा. तेल कुठल्या घरात कसं वापरतात हा प्रश्नच मग मागे पडला.

आता उलट बाजू. शेजारचे शब्द दिशाभूलही करतात. १९६० चा रुग्णालय कामगारांचा निवाडा वाच, जे.जे. समूहातल्या वॉर्ड सेवकांना कामावरून कमी केल्यातून तो उभा राहिला. औद्योगिक विवाद कायद्यातल्या 'उद्योग' या व्याख्येतले शब्द एकमेकांच्या संगतीनं आकुंचित करून वाचा, म्हणजे रुग्णालय त्या कायद्याबाहेर पडेल, असं मुंबई सरकारचं म्हणणं होतं. न्यायालय म्हणालं, विधिमंडळानं रुंद शब्द जाणूनबुजून वापरले असतील तर ते संगतीच्या नावाखाली अरुंद करता येत नाहीत. व्याख्येत नुसतं 'म्हणजे' आहे की 'यात समावेश होतो'ही आहे, हे म्हणून आधी बघायचं.

आता मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निकाल. तो बोचतो, तरी वाच. बारा वर्षांच्या मुलीच्या छातीला आरोपीनं कपड्यांवरून हात लावला होता. त्वचेला त्वचेचा स्पर्श झाला नाही, म्हणून पॉक्सोचं, म्हणजे बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम ७ लागत नाही, असं ठरलं. भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ खाली (विनयभंग) एक वर्ष शिक्षा झाली; पॉक्सोखाली किमान तीन वर्षं झाली असती. शिक्षा जेवढी कडक तेवढा अर्थ काटेकोर, हा त्यामागचा विचार. सूत्र म्हणून तो चुकीचा नाही, पण कलमात 'त्वचा' हा शब्द कुठे आहे? नाहीच. कलमाचा पहिला भाग 'स्पर्श' म्हणतो, दुसरा भाग लैंगिक हेतूनं केलेली शारीरिक संपर्काची 'अन्य कोणतीही कृती' पकडतो. काटेकोर वाचन म्हणता म्हणता कलमात नसलेली अट घातली गेली. ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वोच्च वकील, स्वतः अपिलात गेले. हातमोजे घालून कोणी हे केलं तर तो सुटणार का, असं त्यांनी विचारलं. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. इथे लैंगिक हेतू महत्त्वाचा आणि नियम मोडून पडेल असा अर्थ करायचा नाही, असं सांगितलं. यात मला हेतूनं शब्दावर मात केलेली दिसत नाही. शब्दही तिकडेच बोट दाखवत होते.

जिथे शब्दांनीच दार लावून घेतलंय तिथे मात्र हेतूचं नाव काढू नकोस. लवाद कायद्याच्या कलम ३४ मध्ये लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने, पुरेसं कारण असेल तर आणखी तीस दिवस, 'पण त्यानंतर नाही'. पक्षकार कितीही कळवळून सांगो, एकतिसाव्या दिवशी मिळणार काही नाही. आणि तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत, एवढं कारकुनालाही सांगून ठेव. करसवलतीच्या अधिसूचनेचंही तसंच: शंका उरली तर फायदा सरकारला, हे २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींनी दिलीपकुमार अँड कंपनीच्या प्रकरणात पक्कं केलं. (नट नव्हे. कोळंबीच्या खाद्याचा वाद होता.) करआकारणीचं मूळ कलमच संदिग्ध असेल तर फायदा करदात्याला. दोन्ही एकाच निवाड्यात आहेत, हेडनोटवरून, म्हणजे निवाड्याच्या डोक्यावर छापलेल्या सारांशावरून, अर्धंच उचलू नकोस.

तुझ्या प्रकरणात समोरच्यांनी परंतुकावर, म्हणजे कलमाला 'परंतु' म्हणत जोडलेल्या अपवादावर, भर दिला, असं लिहिलंस. ते परंतुक कायद्यात पहिल्यापासून आहे की नंतर आलं? नंतर आलं असेल तर त्या विधेयकाचं उद्देश व कारणांचं निवेदन काढ. आणि मूळ कलमाची सुरुवात 'काहीही अंतर्भूत असले तरी' अशी, म्हणजे इतर तरतुदींवर मात करणारी, आहे का, ते बघ. पुढच्या तारखेआधी एवढं मला कळव. निवाडे आपण त्यानंतर शोधू.

तुझा,
सिनियर