अमेरिकेतील खासगी शाळा, मुलाच्या सवलती आणि अमली पदार्थांचे नियम: साताऱ्याहून आलेल्या प्रश्नाचे उत्तर

तुमचा प्रश्न मी जसा समजले तसा आधी मांडते. मुलगा साताऱ्यात नववीत आहे, त्याला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण) आणि एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण व आवेग) आहे, शाळा त्याला परीक्षेत वाढीव वेळ देते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तो रोज सकाळी एडीएचडीवरील मिथाइलफेनिडेट या औषधाची गोळी घेतो. कंपनी तुम्हाला एल-1 (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर न्यू जर्सीला पाठवत आहे. मुलाला खासगी शाळेत घातले तर सवलती चालू राहतील का, आणि व्हेप, गांजा यांबाबत तिथली शिस्त कडक असल्यामुळे तो अधिक सुरक्षित राहील का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी मूळची सांगलीची, आणि माझ्या मुलांनी इथल्या सरकारी व खासगी अशा दोन्ही शाळा पाहिल्या आहेत. खासगी शाळेत मुलाची सवलत आणि मुलाची शिक्षा या दोन्ही गोष्टी मुख्यतः प्रवेशाच्या करारावर आणि शाळेच्या हँडबुकवर, म्हणजे नियमपुस्तिकेवर ठरतात, त्यामुळे हे दोन कागद वाचल्याशिवाय शुल्काचा पहिला हप्ताही भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारी शाळा म्हटल्यावर आपल्याकडे नाक मुरडले जाते, पण अशा मुलासाठी कायद्याचे सर्वांत भक्कम संरक्षण इथे सरकारी शाळेतच आहे. 1975 मध्ये संमत झालेल्या आणि 1990 पासून आयडिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय कायद्यानुसार पात्र मुलाला विनाशुल्क, त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण देण्याची आणि त्यासाठी आयईपी नावाचा लेखी आराखडा करण्याची जबाबदारी शाळाखात्यावर असते, आणि तो आराखडा पाळला गेला नाही तर पालकांना दाद मागता येते. एल-2, म्हणजे एल-1 धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आलेल्या मुलाला राहत्या भागातील सरकारी शाळेत फुकट प्रवेश मिळतो. तुम्ही स्वतःहून खासगी शाळा निवडलीत, तर आयईपीचा हा वैयक्तिक हक्क तुमच्यासोबत येत नाही. शाळाखाते मुलाची तपासणी करून देते आणि राखीव निधीतून थोडीफार मदतही करू शकते, परंतु ती मदत किती आणि कोणाला द्यायची हे तेच ठरवते.

याचा अर्थ खासगी शाळेवर काहीच बंधन नाही असा नव्हे. अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा 1990 चा एडीए कायदा बिगरधार्मिक खासगी शाळांना लागू होतो. चर्च किंवा अन्य धार्मिक संस्था चालवत असलेल्या शाळा मात्र त्यातून वगळल्या आहेत. 1973 च्या पुनर्वसन कायद्याचे कलम 504 केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शाळांना बांधील करते, मग त्या धार्मिक असल्या तरीही. तरीसुद्धा खासगी शाळेकडून अपेक्षित असतात ते फक्त वाजवी फेरबदल. शिक्षणक्रमाचे मूळ स्वरूप बदलेल किंवा संस्थेवर अवाजवी भार पडेल अशी मागणी ती नाकारू शकते. प्रत्यक्षात दीडपट वेळ, पुढच्या बाकावरची जागा, संगणकावर उत्तरे लिहिण्याची मुभा, शिक्षकांच्या टिपणांची प्रत या गोष्टी बहुधा कटकट न होता मिळतात. डिस्लेक्सियासाठी प्रशिक्षित शिक्षकाकडून आठवड्यातून काही तास वाचनाचे स्वतंत्र मार्गदर्शन हवे असेल, तर अनेक शाळा त्याचे वेगळे शुल्क लावतात किंवा सरळ बाहेरचा शिक्षक शोधायला सांगतात. तुमच्या मुलाची खरी गरज यांपैकी कोणती आहे, हे तुम्ही दोघांनी येण्याआधीच प्रामाणिकपणे ठरवावे.

आता शिस्तीविषयी. सरकारी शाळा ही शासनाचा भाग असल्याने तिच्यावर राज्यघटनेची बंधने असतात. विद्यार्थ्याला काही दिवसांसाठी निलंबित करायचे तरी आरोप सांगून त्याचे म्हणणे ऐकावे लागते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये दिला, आणि दप्तराच्या झडतीला वाजवी संशयाचा आधार हवा, हे 1985 च्या न्यू जर्सीतीलच एका खटल्यात ठरले. खासगी शाळेला हे लागू नाही. हँडबुकमध्ये लिहिले असेल तर ती दप्तर, लॉकर, वसतिगृहाची खोली आणि विद्यार्थ्याची मोटारसुद्धा तपासू शकते. काही शाळा सर्व विद्यार्थ्यांच्या केसांची चाचणी करतात, आणि त्या चाचणीत सुमारे 90 दिवसांतील सेवन समजते. शनिवारी रात्री एखाद्या मित्राच्या घरी झालेला प्रकारही अनेक शाळांच्या नियमांच्या कक्षेत येतो. न्यू जर्सीत गांजा 2021 पासून कायदेशीर असला तरी तो 21 वर्षांवरील प्रौढांसाठी आहे. दारू आणि तंबाखूचेही वय 21 आहे. (भेटीला येणाऱ्या आजीची मिश्रीची डबी मुलाच्या दप्तरात चुकूनही जाऊ देऊ नका; तंबाखू कोणत्याही रूपात चालत नाही.)

कडक नियम म्हणजे अधिक सुरक्षितता, हे तुमचे गृहीतक मला पटत नाही. सरकारी शाळेत आयईपी असलेल्या मुलाला 10 दिवसांहून अधिक काळ काढायचे असेल, तर त्याचे वर्तन त्याच्या अक्षमतेतून उद्भवले होते का हे आधी तपासावे लागते. अमली पदार्थांच्या प्रकरणात शाळा त्याला 45 शालेय दिवसांपर्यंत दुसरीकडे पाठवू शकते, पण तिथेही त्याचे शिक्षण चालू ठेवावेच लागते. खासगी शाळेत करारानुसार त्याच आठवड्यात नाव कमी होऊ शकते आणि वर्षाचे संपूर्ण शुल्क देणेही बहुधा टळत नाही. एडीएचडी असलेली मुले आवेगाच्या भरात निर्णय घेतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. एडीए कायदा सध्या बेकायदा अमली पदार्थ घेणाऱ्याला त्या कारणावरून झालेल्या कारवाईपासून संरक्षण देत नाही, त्यामुळे निदानाचा कागद तेव्हा ढाल म्हणून पुढे करता येत नाही.

ऑरेगॉनमधील फॉरेस्ट ग्रोव्हचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. सरकारी शाळेने विशेष शिक्षणास अपात्र ठरवलेल्या एका मुलाला पुढे एडीएचडीचे निदान झाले; तो गांजाही ओढत होता. पालकांनी त्याला खासगी निवासी शाळेत घातले आणि खर्च मागितला. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी भरपाई मिळू शकते असे म्हटले, पण खालच्या न्यायालयांनी शेवटी ती नाकारली, कारण त्यांच्या मते पालकांनी ती शाळा एडीएचडीसाठी निवडली नव्हती, तर व्यसन आणि वर्तनाच्या समस्यांसाठी निवडली होती.

सवलत आणि शिस्त हे दोन विषय ज्या ठिकाणी एकमेकांत मिसळतात ते ठिकाण म्हणजे मुलाची गोळी. मिथाइलफेनिडेट इथे दुसऱ्या अनुसूचीतील नियंत्रित औषध आहे, त्याला रिफिल नसते, प्रत्येक वेळी नवे प्रिस्क्रिप्शन लागते. साताऱ्याच्या मेडिकलमधून आणलेली पत्र्याची स्ट्रिप शाळेची नर्स सहसा ठेवून घेणार नाही. तिला हवी असते मुलाचे नाव, औषध आणि मात्रा छापलेली बाटली आणि इथल्या डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म. म्हणून आल्याबरोबर बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्यावी, आणि प्रवासात औषध मूळ पाकिटात, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह ठेवावे. इथे अनेक मुलांना दिले जाणारे एडीएचडीचे दुसरे औषध, ॲडरॉल, भारतात मिळत नाही. ते सुरू झाले तर चाचणीत ॲम्फेटामिन दिसते, तेव्हा शाळेला ते आधीच लेखी कळवून ठेवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मित्राने परीक्षेच्या आदल्या दिवशी मागितली म्हणून दिलेली एक गोळीसुद्धा शाळेच्या दृष्टीने अमली पदार्थाचे वाटप ठरते, आणि त्याची शिक्षा स्वतः सेवन करण्यापेक्षा सहसा जास्त असते. डोकेदुखीची गोळी शेजारच्याला देण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे निघण्यापूर्वीच बजावून सांगावे लागते.

मुलाला एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर आधीच एकट्याने निवासी शाळेत पाठवावे का, असेही तुम्ही विचारले आहे. मी पाठवणार नाही. शाळेने नाव काढले की त्याची सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतील नोंद बंद होते आणि शिस्तीचा प्रश्न देशात राहण्याचा प्रश्न होऊन बसतो.

तरीही खासगी शाळाच हवी असेल, तर प्रवेश अधिकाऱ्यांना तीन गोष्टी ईमेलने विचारा: केंद्राचा निधी शाळा घेते का, मुलाने स्वतः किंवा मित्राने मदत मागितल्यास शिक्षा न करता उपचाराकडे वळवण्याची तरतूद आहे का, आणि नाव कमी झाल्यास शुल्काचे काय होते. यांपैकी दुसरी तरतूद अनेक चांगल्या शाळांत असते, पण पकडले जाण्याआधी मदत मागितली तरच ती लागू होते.

कागदपत्रांत बुद्ध्यांक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्यांचे गुण असलेला, तीन वर्षांच्या आतला, इंग्रजीतील सविस्तर अहवाल सर्वांत उपयोगी पडतो. नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. वाढीव वेळ कोणत्या इयत्तेपासून आणि कोणत्या विषयांत दिला, हे सांगणारे मुख्याध्यापकांचे पत्र त्याला जोडावे, कारण महाविद्यालयीन प्रवेशाच्या सॅट परीक्षेसाठी ती घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडे सवलत मागताना शाळेत ती प्रत्यक्ष वापरल्याचा पुरावा विचारला जातो आणि मंजुरीला सात आठवडे लागू शकतात. मे महिन्यात शाळेचे कार्यालय ओस पडते, तेव्हा हे पत्र वार्षिक परीक्षा सुरू असतानाच मागून ठेवा.