‘निरर्थक डीएनए’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे की, ज्या डीएनएमध्ये प्रथिन घडवण्याचा संकेत नसतो, म्हणजे ज्याला इंग्रजीत ‘नॉन-कोडिंग’ म्हणतात, त्याच्यासाठी मराठी लेखांत ‘कचरा’, ‘निरर्थक’ आणि ‘असांकेतिक’ असे शब्द आढळतात. त्यांपैकी कोणता स्वीकारावा?

‘कचरा’ हे ‘जंक’चे भाषांतर आहे. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांच्या १९७२ मधील लेखनामुळे ‘जंक डीएनए’ हा प्रयोग रूढ झाला. ‘जंक’ला ‘अडगळ’ हा शब्द अधिक जवळचा, कारण कचरा आपण टाकून देतो आणि अडगळ घरातच राहते. मानवी जीनोमच्या, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएच्या, सुमारे तीन अब्ज अक्षरांपैकी (‘ए’, ‘टी’, ‘जी’, ‘सी’ या रासायनिक घटकांपैकी) एक ते दोन टक्केच प्रथिनांचा मजकूर आहे. उरलेल्यापैकी किती भाग खरोखर अडगळ आहे, याविषयी शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. म्हणून हे नाव त्या सगळ्या भागाला देता येत नाही.

माझा खरा आक्षेप ‘निरर्थक’ला आहे. एक तर प्रथिनाचा मजकूर मध्येच तोडणाऱ्या ‘नॉनसेन्स’ उत्परिवर्तनासाठी, म्हणजे डीएनएतील तशा बदलासाठी, हाच शब्द लागतो, आणि ते उत्परिवर्तन संकेत असलेल्या भागातच घडते. शिवाय, ज्या भागातील एका अक्षराच्या बदलाने माणसाचा आहार किंवा आयुष्य बदलते, त्याला निरर्थक कसे म्हणावे? दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज बहुतेक माणसांत बालपणानंतर कमी होते. युरोपातील आणि भारतातीलही अनेकांत ते आयुष्यभर टिकते, ते लॅक्टेजच्या जनुकापासून सुमारे १४,००० अक्षरे दूर, शेजारच्या एमसीएम६ जनुकाच्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या आतल्याच पण प्रथिनाचा संकेत नसलेल्या तुकड्यात, ‘सी’च्या जागी ‘टी’ आल्यामुळे. लॅक्टेजचे प्रथिन तेच राहते, फक्त त्याचे उत्पादन थांबत नाही. पूर्व आफ्रिकेतील पशुपालक समाजांत त्याच परिसरातील निराळ्या बदलांनी स्वतंत्रपणे हेच साधले. नैसर्गिक निवडीचा इतका स्पष्ट ठसा मानवी जीनोममध्ये फार थोड्या ठिकाणी दिसतो.

दुसरे उदाहरण दुःखद आहे. भारतात बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराला कारण ठरणारा सर्वाधिक आढळणारा बदल, हिमोग्लोबिनचा एक घटक घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधील पाचव्या अक्षराचा आहे: ‘जी’च्या जागी ‘सी’. त्यामुळे जनुकाची नक्कल असलेल्या आरएनएमधून इंट्रॉन कापून काढण्याची जागा बिघडते आणि योग्य ग्लोबिन फारच कमी तयार होते. आई आणि वडील या दोघांकडूनही हा बदल आलेल्या मुलाला सहसा आयुष्यभर रक्त चढवावे लागते.

‘असांकेतिक’ वरवर निर्दोष वाटतो, पण तो सगळेच संकेत नाकारतो. या भागात जनुक केव्हा, कोणत्या पेशीत आणि किती चालावे, याचे संकेत असतातच. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए जनुकाच्या इंट्रॉनमधील अशाच एका नियंत्रक तुकड्यात मुद्दाम बदल करून ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढवणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासाठी मान्यता मिळाली. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे हा विषय मराठीत नीट शब्दांत पोहोचणे मला निकडीचे वाटते.

तेव्हा कोणता संकेत नाही, हे शब्दातच सांगावे. लेखात प्रथम ‘प्रथिनसंकेतरहित डीएनए’ असे लिहून पुढे सुटसुटीतपणे ‘प्रथिनेतर डीएनए’ म्हणावे, असे मी सुचवेन. त्यातील बदलांना सरसकट ‘दोष’ही म्हणू नये: लॅक्टेजच्या बाबतीत ‘प्रथिनेतर भागातील भेद’, आणि थॅलेसेमियाच्या बाबतीत मात्र ‘प्रथिनेतर भागातील दोष’ असे लिहिणे अचूक ठरेल.