मोरोक्कोतलं तुबकाल शिखर दोन दिवसांत करावं का? ॲटलासमधल्या ट्रेकची आखणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं नाशिकचे, पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरताय, हरिश्चंद्रगडाची नळीची वाटही झालीय. दोघंही शाकाहारी. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस हातात आहेत आणि ‘मराकेशहून दोन दिवसांत तुबकाल’ असं एक पॅकेज सापडलंय. ते घ्यावं का, हा तुमचा प्रश्न.

घेऊ नका. मी २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये नेमकं तसंच पॅकेज घेतलं होतं आणि शिखर न गाठता परत आले. २०२४ च्या सप्टेंबरअखेर पुन्हा गेले, तेव्हा पाच दिवस दिले आणि वर पोचले. दोन्ही खेपांना माझी तयारी सारखीच होती. फरक फक्त दिवसांचा होता.

आकडे बघा. मराकेश समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे. तुबकालखाली ट्रेकर्सच्या मुक्कामासाठी दोन निवारे आहेत, त्यांच्या इमारती ३,२०७ मीटरवर. दोन दिवसांच्या कार्यक्रमात सकाळी मराकेशमध्ये नाश्ता आणि रात्री त्या निवाऱ्यात झोप, म्हणजे एका दिवसात पावणेतीन हजार मीटरची उडी. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ४,१६७ मीटरचं शिखर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतला सर्वांत उंच माथा, आणि संध्याकाळी परत शहरात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. तुबकालच्या पायथ्याचं इमलील गावच १,७४० मीटरवर वसलंय. सह्याद्रीत कमावलेले पाय तिथे नक्की उपयोगी पडतात, पण विरळ हवेची सवय सह्याद्री लावू शकत नाही. पहिल्या खेपेला निवाऱ्यात मला रात्रभर डोकेदुखी आणि उलट्या झाल्या. तरीही पहाटे निघाले, साडेतीन हजारांच्या पुढे पाय लटपटायला लागले आणि आमच्या गाईडने सरळ परत फिरवलं. त्याचं बरोबर होतं. चालताना तोल जाणं, न थांबणाऱ्या उलट्या, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर औषध घेऊन पुढे जायचा विचार करू नका. खाली उतरणं हाच उपाय.

आता वाट. इमलीलहून शिखराकडे जाणारी सरळ वाट अरुम्द गाव आणि सीदी शमहरूशच्या दर्ग्यावरून निवाऱ्याला जाते. बहुतेक लोक जाताना-येताना तीच धरतात. मी सुचवेन की त्या वाटेने फक्त उतरा. चढायला पश्चिमेकडचा वळसा घ्या: इमलीलहून तिझी म्झिक ही २,४८९ मीटरची खिंड ओलांडून तमसुल्तला मुक्काम, दुसऱ्या दिवशी तिझी न’अगेल्झिम ही साडेतीन हजारांच्या वरची खिंड चढून पलीकडे निवाऱ्यात उतरायचं, आणि तिसऱ्या पहाटे शिखर. यात शरीराला हवं ते मिळतं: पहिली रात्र इमलीलला, दुसरी सव्वादोन हजारांच्या आसपास, मग निवाऱ्यापेक्षाही उंच चढून थोडं खाली येऊन झोप. अगेल्झिमचा चढ लांबलचक आहे, वळणांमागून वळणं येत राहतात, पण वाट चांगली मळलेली आहे आणि घाई नसली की तो संपतो.

नावांतले दोन शब्द लक्षात ठेवा. ‘तिझी’ म्हणजे खिंड. ‘अझिब’ म्हणजे उन्हाळ्यात मेंढरं-बकऱ्या घेऊन वर येणाऱ्यांची हंगामी वस्ती. दगडी भिंतींचे गोठे आणि शेजारी एखादी खोली. आपल्याकडचा धनगरवाडा डोळ्यांसमोर आणा. तमसुल्तही मुळात अझिबच. इथले लोक अमाझिग, त्यांची भाषा तशल्हीत. भेटल्यावर ‘अझूल’ म्हणायचं, आभार मानायला ‘तनमिर्त’. शहरात अरबी चालते, पण डोंगरात हे दोन शब्द उच्चारलेत की समोरचा चेहरा कसा खुलतो ते बघा.

तुम्ही नाशिकचे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. या दऱ्यांमध्ये उतारावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेती केलीय. बार्ली, मका, सफरचंद, चेरी आणि अक्रोडाची प्रचंड झाडं. पाणी पाटांनी येतं आणि कोणाच्या वाफ्याला किती वेळ सोडायचं हे गाव ठरवतं. मोसम खोऱ्यातली फड पद्धत, तिथले पाट आणि पाणीपाळी तुम्ही पाहिली असेल, तर इथे तासभर नुसतं पाटाच्या कडेने चाला. दोन दिवसांच्या पॅकेजमध्ये हे सगळं गाडीच्या काचेतून मागे जातं. सप्टेंबरअखेरीस अक्रोड झोडपणं चालू होतं. पोरं उंच फांद्यांवर आणि खाली बायका हिरवी सालं सोलत बसलेल्या, सगळ्यांची बोटं काळीकुट्ट.

गाईडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हे आधी ठरवायचं काम आहे. डिसेंबर २०१८ मध्ये इमलीलजवळ दोन परदेशी तरुणींची हत्या झाली. तेव्हापासून तुबकालच्या वाटेवर परवानाधारक गाईडशिवाय सोडत नाहीत. चौकीवर पासपोर्ट बघतात, नोंद करतात. त्यामुळे मूळ पासपोर्ट सॅकमध्ये हवा, फोटोवर भागत नाही. गाईडकडे सरकारी ओळखपत्र असतं, ते दाखवायला सांगण्यात संकोच करू नका. खऱ्या गाईडला त्याचं वाईट वाटत नाही. अझिलाल भागातल्या तबांत गावी पर्वतीय गाईडांचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथून शिकून आलेले बरेच जण भेटतात. माझं मत असं की मराकेशच्या चौकातल्या एजंटाकडून घेण्यापेक्षा इमलीलमध्ये राहणाऱ्या गाईडशी थेट बोला. पैसा दरीत राहतो आणि माणूस पहिल्या दिवसापासून तुमच्या ओळखीचा होतो.

सामानासाठी खेचर आणि खेचरवाला मिळतो. ट्रॉली बॅग नको, मऊ पिशवी न्या. ती खेचराच्या पाठीवरच्या टोपल्यांत बसते. बर्फ पडल्यावर खेचरं वरपर्यंत जात नाहीत.

इथे दिवाळीचा मुद्दा येतो. तुबकालला सोयीचे महिने म्हणजे मेअखेर ते जून आणि सप्टेंबर ते ऑक्टोबर. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येत असेल तर निर्धास्त जा, पण गरम कपडे भरपूर घ्या. नोव्हेंबरात येत असेल तर वर बर्फ सुरू झालेला असू शकतो. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला बर्फाचा काळ. तेव्हा बुटांना लावायचे क्रॅम्पॉन आणि आइस ॲक्स लागतात, आणि ते हातात असणं पुरेसं नाही, वापरता आले पाहिजेत. पहाटे तो उतार काचेसारखा टणक झालेला असतो आणि त्यावरून घसरून माणसं दगावली आहेत. तुम्ही बर्फावर कधी चालला नसाल तर नोव्हेंबरातली दिवाळी सोडून द्या आणि मुलांची शाळा वगैरे अडचण नसेल तर सप्टेंबरची रजा टाका. जुलै-ऑगस्टमध्ये खाली भाजून निघतं आणि दुपारनंतर वर वादळी पाऊस येऊ शकतो. १७ ऑगस्ट १९९५ रोजी अशाच पावसाने शेजारच्या ऊरिका खोऱ्यात पूर आला आणि शेकडो माणसं गेली. म्हणून ऋतू कुठलाही असो, कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नका. रमझान आणि बकरी ईदच्या तारखाही तपासा. उपास धरलेल्या माणसाला दिवसभर चढावर चालायला लावणं मला पटत नाही.

शिखराच्या दिवसाबद्दल थोडं. निवाऱ्यातून पहाटे चार-साडेचारला निघायचं. ओढा ओलांडला की लगेच चढ अंगावर येतो. सगळा घसारा, पाऊल टाकलं की अर्धं मागे. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या मुरमाड वाटेची सवय इथे कामाला येते. साडेनऊशे मीटर चढायला तीन ते चार तास धरा. वरच्या खिंडीत पोचलात की वारा असा झोंबतो की हातमोजे काढवत नाहीत. मग डावीकडे धारेवरून माथा. तिथे लोखंडी तिकाटणं उभं आहे. दक्षिणेला डोंगरांच्या रांगा फिक्या होत होत वाळवंटाच्या धुरकटात विरतात. मी तिथे पंधरा मिनिटं बसले आणि रडले, हे सांगायला मला काही वाटत नाही. सात वर्षं ते शिखर मनात होतं. उतरताना गुडघ्यांवर खूप ताण येतो, तेव्हा दोन काठ्या हव्यातच. त्याच दिवशी इमलील गाठायचं असेल तर एकूण चोवीसशे मीटरचा उतार होतो. जमत नसेल तर वाटेत अरुम्दला थांबा.

उतरताना सीदी शमहरूश लागतो. पांढऱ्या रंगाने रंगवलेली मोठी शिळा आणि तिच्याभोवती चारदोन दुकानं. ओढ्याच्या पाण्यात गार केलेल्या बाटल्या, संत्र्याचा ताजा रस. दर्ग्यात फक्त मुसलमानांना प्रवेश आहे, तेव्हा पुलाच्या अलीकडूनच बघा आणि फोटो विचारून काढा. आजार बरा व्हावा म्हणून नवस घेऊन आलेली माणसं तिथे असतात.

जेवणाचं अवघड नाही, पण स्पष्ट सांगावं लागतं. ‘ब्ला ल्हम’ म्हणजे मांसाशिवाय, ‘ब्ला दजाज’ म्हणजे कोंबडीशिवाय, दोन्ही सांगा. भाज्यांचं ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेली रस्साभाजी, मिळतं, पण रस्सा मांसाबरोबर शिजलेला असू शकतो, म्हणून गाईडला आदल्या रात्रीच समजावा. हरीरा सूपचंही तसंच. मसूर, पांढरे घेवडे, ताजी पाव-भाकरी आणि ऑलिव्ह सगळीकडे असतात. सकाळी मिळणारं म्समन म्हणजे घडीच्या पोळीची मैद्या-रव्याची बहीण. बदाम, अर्गन तेल आणि मधाचं अमलू त्याला लावून खा. चटणीची पुडी आणि शेंगदाण्याचे लाडू मी नेले होते, निवाऱ्यातल्या स्वयंपाक्याला लाडू फार आवडला. पाणी ओढ्याचं असलं तरी वर जनावरं चरत असतात, शुद्ध करायच्या गोळ्या ठेवा.

प्रवासाचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, अर्ज सरकारी ई-व्हिसा संकेतस्थळावरूनच करा. आखातातून कासाब्लांका, तिथून रेल्वेने मराकेश. मराकेशहून आस्नीमार्गे इमलील पासष्ट किलोमीटरच्या आसपास, त्यासाठी सामायिक टॅक्सी मिळते. ती आपल्या वडापसारखी भरली की सुटते. दिरहम मोरोक्कोबाहेर मिळत नाहीत, मराकेशला पोचल्यावर पुरेशी रोकड काढा. ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात. विम्याच्या पॉलिसीत ट्रेकिंगसाठी उंचीची मर्यादा असते, ती ४,१६७ च्या वर आहे ना ते बघा. आठ दिवसांत जाण्या-येण्याचे तीन गेले तरी पाच उरतात: एक इमलीलला आजूबाजूला हिंडायला, तीन वळशाचे, आणि एक राखीव. राखीव दिवस कापू नका.

राहिलं भूकंपाचं. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री याच अल हाऊझ प्रांतात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला, २,९०० हून जास्त माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या. मी सोलापूरची. किल्लारी झाली तेव्हा आठवीत होते. पहाटेचा तो हादरा आणि नंतर वडिलांबरोबर पाहिलेले दगडांचे ढीग अजून डोळ्यांसमोर आहेत. वर्षभरानंतरही आस्नीच्या बाजूला तंबू दिसत होते, आणि भिंतीत पुन्हा तसेच दगड रचताना पाहून पोटात गोळा आला. आम्ही ज्या घरी राहिलो तिथल्या आजींना मी गाईडमार्फत सांगितलं की आमच्याकडेही असंच झालं होतं. त्यांनी काही न बोलता माझा हात धरला, चहाचा पेला पुन्हा भरला आणि निघताना ओंजळभर अक्रोड दिले. तुम्ही गेलात तर हॉटेलऐवजी गावातल्या घरांत राहा, जेवण तिथेच घ्या. उद्ध्वस्त घरांचे फोटो मात्र काढू नका. आणि कोणी आपणहून त्या रात्रीबद्दल बोलायला लागलं, तर पुढच्या टप्प्याची घाई न करता बसून ऐका.