गावच्या रस्त्यावर वेगमर्यादा कोण ठरवतं आणि कशी?

तुम्ही विचारलंय की गावाबाहेरच्या उसाच्या वळणावर ग्रामपंचायतीने '३०' चा बोर्ड लावला तर चालेल का, आणि तीसच का? माझी सगळी नोकरी जिल्हा रस्त्यांवर गेली, म्हणून सांगतो.

बोर्ड लावाल, पण ती नुसती विनंती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे मर्यादा कमी करायची तर राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने अधिसूचना काढावी लागते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत अशा रस्त्यांना मोटारीसाठी ७० आणि दुचाकीसाठी ६० लिहिलंय. पावणेचार मीटरच्या डांबरी पट्टीवर सत्तर!

आता आकडा. वळणाच्या अलीकडे चालकाच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.२ मीटरवर नजर धरा. समोरून येणारा कुठे दिसायला लागतो ते टेपने मोजा. ताशी ३० ला गाडी थांबायला ३० मीटर लागतात, ४० ला ४५, ६० ला ८०. यात चालक भानावर येऊन ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे अडीच सेकंद धरलेत. पण एकपदरी रस्त्यावर समोरचाही तुमच्याच पट्टीवरून येतो, दोघांनी थांबायचं, म्हणून अंतर दुप्पट. चाळीस मीटरच दिसत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस मीटर, म्हणून तिथे ताशी वीसच.

आणि हे मोजमाप कधी करता त्यावर सगळं आहे. एकदा तोड झाल्यावर मी असंच वळण मोजलं. शंभर मीटर लख्ख दिसलं, 'दृष्टी पुरेशी' लिहून मोकळा झालो. दिवाळीत तिथून गेलो तर दोन्हीकडे दोन पुरुष उंच ऊस, पंचवीस मीटरही दिसेना. तेव्हापासून ऊस उभा असतानाच मोजायचो, आणि हंगामात एकदा रात्रीही जायचो. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली आणि खचलेली साइडपट्टी दिवसा कळत नाही.

लोक खरोखर किती वेगाने जातात तेही बघा. पन्नास मीटरवर चुन्याच्या दोन खुणा करा, तीन सेकंदांत पार झाली तर गाडी साठने गेली. या नोंदींची वही मर्यादा कमी करण्याच्या अर्जाला जोडा. ग्रामीण किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर अर्ज जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकामकडे. बोर्डासोबत वळणाच्या आतल्या बाजूच्या ऊसमालकाशीही बोला. बांधालगतच्या चार सऱ्या त्याने मोकळ्या सोडल्या तर बोर्डाआधीच काम होतं.