जादूगाराकडे खरंच काही शक्ती असते का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. रंगमंचावर बोलावून जादूगाराने तुमच्या मनातलं नाव बरोबर ओळखलं, तेही ‘कशाला हात न लावता, काही न विचारता’, तर त्याच्याकडे काही सिद्धी असणार का, हा पहिला. घरातली मोठी माणसं म्हणतात की हे लोक अख्ख्या सभागृहाची नजरबंदी करतात, त्यात कितपत तथ्य आहे, हा दुसरा. आणि मुलीला जादू शिकायची आहे, तर तिला त्या वाटेला जाऊ द्यावं का, हा तिसरा. मी हौशी जादूगार. बरीच वर्षं स्वतः कार्यक्रम करतोय आणि दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत पडद्यामागेही राबलोय, त्या बळावर लिहितो.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, नाही. रंगमंचावर जे होतं ते सगळं माणसाचं काम असतं. हात, साधनं, प्रकाश, साथीदार, बोलणं आणि कंटाळा येईपर्यंत केलेला सराव. पण एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, कारण तुमची अडचण वेगळी आहे. तुम्ही म्हणताय की मी जे पाहिलं ते हातचलाखीने शक्यच नाही. त्यात तुमचं चुकत नाही. तुम्ही जसं सांगताय तसं ते खरोखरच अशक्य आहे. फक्त ते तसं घडलेलं नाही.

आता जरा आठवून पाहा. नाव मनात धरल्यावर ‘विसरू नका म्हणून’ किंवा ‘नंतर वाद नको म्हणून’ ते कुठे लिहायला सांगितलं होतं का? पेन, चिठ्ठी, पॅड कुणी दिलं? लिहिलेलं परत कुणाच्या हातात गेलं? तुम्ही वर जाण्याआधी, बाहेर रांगेत किंवा मध्यंतरात, कुणी सहज गप्पा मारल्या होत्या का? यातलं नेमकं काय झालं हे मी सांगू शकत नाही, मी तिथे नव्हतो. माहीत असतं तरी दुसऱ्याच्या पोटावर पाय येईल असं इथे लिहिलं नसतं. पण असे प्रयोग मी पडद्यामागून पाहिलेत आणि नंतर प्रेक्षकांकडून त्यांचं वर्णनही ऐकलंय. वर्णनातून पहिली गळते ती चिठ्ठी.

ती आपोआप गळत नाही, आम्ही ती गाळतो. चांगला जादूगार प्रयोगाच्या शेवटाकडे येताना एक छोटी उजळणी करतो. ‘आपण याआधी कधी भेटलो नाही, बरोबर? जगातलं कुठलंही नाव घ्यायला तुम्ही मोकळे होतात. मी तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही.’ तुम्ही तीनदा मान डोलावता, सभागृह ऐकत असतं. यातली दोन वाक्यं खरी असतात आणि तिसरं त्यांच्या आडोशाने निघून जातं. घरी जाऊन तुम्ही जे सांगता ते तुमचं निरीक्षण नसतं, त्याने तुमच्या हातात ठेवलेला वृत्तांत असतो. मला विचाराल तर पत्त्यांच्या कुठल्याही करामतीपेक्षा ही उजळणी जास्त अवघड कला आहे.

हे आमच्या धंद्यातलं नुसतं तत्त्वज्ञान नाही, तपासून पाहिलेलं आहे. 1880च्या दशकात इंग्लंडमध्ये एस. जे. डेव्ही नावाचा हौशी जादूगार होता. त्या काळी पाटीवर आत्मे लिहितात अशा बैठकांचं पेव फुटलं होतं. डेव्हीने तीच करामत हातचलाखीने बसवली आणि लोकांना बैठकीला बोलावून, नंतर काय पाहिलं ते सविस्तर लिहून द्यायला सांगितलं. शिकलेसवरलेले लोक होते. त्यांनी महत्त्वाच्या हालचाली गाळल्या, घटनांचा क्रम बदलला आणि न घडलेल्या गोष्टीही लिहिल्या. रिचर्ड हॉजसन या संशोधकाबरोबर डेव्हीने हे 1887 साली प्रसिद्ध केलं. पुढचा भाग आणखी भारी आहे. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनच्या बरोबरीने मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस हे मानायलाच तयार नव्हता. त्याचं म्हणणं, डेव्हीकडे खरीच शक्ती असली पाहिजे! करणारा स्वतः सांगतोय की मी फसवलं, आणि पाहणारा म्हणतोय, नाही, तू फसवलं नाहीस.

अलीकडचं उदाहरण द्यायचं तर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि एम्मा ग्रीनिंग यांचा 2005चा प्रयोग. जादूगार हातचलाखीने किल्ली वाकवतो आणि टेबलावर ठेवतो, एवढीच चित्रफीत. काही जणांना दाखवलेल्या फितीत तो ठेवताना म्हणतो की ती अजून वाकतेच आहे. ते वाक्य ऐकलेल्यांपैकी दहांतल्या जवळपास चौघांनी, किल्ली टेबलावरही वाकत होती असं सांगितलं. किल्ली निपचित पडलेली होती.

आता डोळ्यांचं. एक अगदी प्राथमिक करामत सांगतो, कुठल्याही शिकवणीत पहिल्या आठवड्यात येते, त्यामुळे गुपित फोडल्याचं पाप लागणार नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नाणं धरलंय, कडेने, चकचकीत बाजू तुमच्याकडे. ते मी डाव्या तळव्यावर टेकवतो. डावी बोटं त्याच्यावर मिटत जातात आणि शेवटच्या क्षणापर्यंत तुम्हाला बोटांच्या फटीतून नाण्याची चमक दिसत राहते. त्या चमकेचा ठसा डोळ्यांत असतानाच नाणं उजव्या हातातच मागे सरकतं. इथपर्यंतचं कुणीही दोन-चार दिवसांत शिकतो. खरं काम पुढे सुरू होतं. उजवा हात, ज्यात नाणं आहे, तो सैल पडला पाहिजे. नवशिक्याचा तोच हात काठीसारखा ताठ होतो आणि चोरी पकडली जाते. डाव्या मुठीत एका नाण्याएवढी पोकळी राहिली पाहिजे, कारण रिकामी मूठ जास्त घट्ट मिटते आणि ते डोळ्यांना कळतं, भले कळलेलं शब्दांत सांगता आलं नाही तरी. आणि माझी नजर डाव्या मुठीवर हवी. मी जिथे बघतो तिथे तुम्ही बघता. लगेच मूठ उघडायची नाही. थांबायचं, काहीतरी बोलायचं, कुणाला फुंकर मारायला सांगायचं. त्या थांबण्यात तुमची खात्री शिजते.

नजरेचा हा जोर गुस्ताव कून आणि मायकल लँड यांनी 2006 साली मोजला. जादूगार चेंडू दोनदा वर उडवतो, तिसऱ्यांदा नुसता हात हलवतो आणि चेंडू हातातच दडवतो. तिसऱ्या वेळीही चेंडू वर गेला आणि हवेत नाहीसा झाला, असं निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलं. जादूगाराने त्या वेळी वर न बघता हाताकडे बघितलं, तर असं सांगणारे बरेच कमी झाले. म्हणजे हवेत न गेलेला चेंडू लोकांना दाखवला तो त्याच्या मानेने.

यातून तुमचा दुसरा प्रश्न निम्मा सुटतो. नजरबंदी म्हणजे मंत्र टाकून किंवा सामूहिक संमोहनाने सगळ्यांना नसलेलं दाखवणं असेल, तर तसं काही नसतं. साधी गोष्ट बघा, कॅमेऱ्यावर कुणाला संमोहन करता येत नाही, तरी जादू चित्रफितीतही तशीच दिसते. शिवाय संमोहनाची सोय असती तर आम्ही बाजूच्या खुर्च्यांना एवढे घाबरलो असतो का? सभागृह पाहायला गेलो की जादूगार पहिली चौकशी करतो ती कडेची आसनं कुठवर येतात, मागे काळा पडदा आहे का, वरून बाल्कनी किती झुकलीय याची. दिवा हातभर सरकला तरी अर्धा कार्यक्रम बदलावा लागतो. सामानाची पेटी प्रवासात मागे राहिली तर सिद्धपुरुषाचा कार्यक्रम रद्द होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रसिद्ध नजरबंद्यांचा उगमही बहुधा असाच निघतो. हवेत ताठ उभा राहणारा दोर, त्यावर चढून गायब होणारा मुलगा, ही गोष्ट जगभर पसरली त्यात ‘शिकागो ट्रिब्यून’ने 1890 साली छापलेल्या एका बातमीचा मोठा वाटा होता. काही महिन्यांनी त्याच वर्तमानपत्राने ती बातमी बनावट असल्याचं कबूल केलं. खुलासा कुणी वाचला नाही. पुढे ‘आम्ही तो प्रयोग पाहिला’ म्हणणारेही निघाले.

जादूगाराला शक्ती चिकटवण्याची हौस किती जुनी आहे पाहा. 1584 मध्ये इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉटने चेटूक हा भ्रम आहे हे पटवायला पुस्तक लिहिलं आणि त्यात हातचलाखीच्या करामती उलगडून दाखवल्या. त्या काळात चेटकीण ठरवून माणसं फासावर जात होती, तेव्हा हा विषय करमणुकीचा नव्हता. 1856 साली फ्रान्स सरकारने झां-यूजेन रोबेर-उदां या जादूगाराला अल्जीरियात पाठवलं, तिथल्या फकिरांचा प्रभाव आपल्या ‘फ्रेंच जादू’ने कमी कर म्हणून. त्याच्याकडे एक पेटी होती. लहान मूलही उचलेल अशी. पण तो म्हणाला की मी तुझी ताकद काढून घेतली, की धडधाकट गडी घाम गाळूनही ती हलवू शकत नसे. पेटीला लोखंडी तळ होता आणि खाली विद्युतचुंबक. कडीतून विजेचा झटका द्यायचीही सोय होती. विद्युतचुंबक तेव्हा बहुतेकांना ऐकूनही माहीत नव्हता. वसाहतीवर धाक बसवायला विद्येचा असा वापर करणं मला पटत नाही, पण पेटी अफलातून होती यात शंका नाही.

आणि शक्ती असती तर चुंग लिंग सू हा जादूगार वाचला असता. बंदुकीची गोळी झेलण्याचा त्याचा प्रयोग गाजलेला होता. 23 मार्च 1918 रोजी लंडनमध्ये बंदुकीतली गुप्त रचना झिजल्यामुळे खरीच गोळी सुटली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. रंगमंचावर नेहमी चिनी असल्याचं सोंग करून इंग्रजीत न बोलणारा हा माणूस मूळचा अमेरिकन विल्यम रॉबिन्सन होता, आणि त्या रात्री कळवळून तो इंग्रजीत बोलला.

तुम्ही म्हणाल, मग मोठमोठी हुशार माणसं कशी फसतात? हुशारीचा इथे फारसा उपयोग नाही. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल, बेड्या-पेट्यांतून सुटणाऱ्या हुडिनी या गाजलेल्या जादूगाराकडे दैवी शक्ती आहे असं मानत राहिला, आणि हुडिनी बिचारा नाही नाही म्हणत राहिला. 1979 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात अतींद्रिय शक्तींच्या संशोधनासाठी पाच लाख डॉलरची देणगी आली, तेव्हा जादूगार जेम्स रँडीने दोन तरुण जादूगार तिथे ‘शक्तिमान’ म्हणून घुसवले. रँडीने प्रयोगशाळेला आधीच काळजी कशी घ्यायची ते लिहून कळवलं होतं. पोरांना ताकीद होती की ट्रिक करता का असं कुणी थेट विचारलं तर खरं सांगायचं. कुणी विचारलंच नाही. 1983 साली रँडीने पत्रकार परिषदेत भांडं फोडलं. शास्त्रज्ञाला निसर्गाशी काम करायची सवय असते, आणि निसर्ग मुद्दाम फसवत नाही. म्हणून अशा तपासणीत एक तरी जादूगार बसवावा असं माझं ठाम मत आहे. याच रँडीने 1964 पासून, नियंत्रित परिस्थितीत अलौकिक शक्ती दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं होतं. रक्कम दहा लाख डॉलरपर्यंत गेली. 2015 मध्ये ते बंद झालं तोवर एकालाही ते जिंकता आलं नाही.

जगात अलौकिक काही असतं का, हा वाद मी इथे घेत नाही. माझं म्हणणं रंगमंचापुरतं आहे. आणि तिथेही एक रेघ मारतो. ‘मी मनकवडा आहे’ हे नाटकातल्या राजासारखं सोंग असेल तर मजेत टाळ्या वाजवा. पण तीच व्यक्ती कार्यक्रमानंतर तुमचं दुखणं, लग्न, गेलेलं माणूस यांबद्दल सल्ला द्यायला बसली आणि त्याचे पैसे घेऊ लागली, तर तिथून उठा. 1986 मध्ये रँडीने पीटर पॉपॉफ या अमेरिकी धर्मोपदेशकाला असंच पकडलं. देव त्याला गर्दीतल्या लोकांची नावं आणि आजार सांगत असे. तपासात कळलं की कानातल्या छोट्या यंत्रावर ती माहिती त्याची बायको सांगत होती.

आता मुलीचं. खुशाल शिकू द्या. भुतंखेतं, व्रतं, उपासना असलं काही त्यात नाही. बोटांची कसरत आहे आणि चार लोकांसमोर बोलण्याचा धीर येतो. सुरुवातीला महागड्या पेट्या-नळकांडी घेऊन देऊ नका, त्यांनी दोन दिवस कौतुक होतं आणि हात मात्र कोरेच राहतात. पत्त्यांची एक गड्डी आणि दोन-चार नाणी पुरे. त्याच लोकांसमोर तीच करामत लगेच परत करायची नाही, हे पहिल्या दिवशीच सांगा, कारण ‘अजून एकदा, अजून एकदा’ म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. सराव आरशासमोर करायचा. पण नवशिके नेमक्या चोरीच्या क्षणी स्वतःच डोळे मिटतात, त्यामुळे आरशात त्यांना आपली चूक कधी दिसतच नाही. म्हणून आरशानंतर मोबाइलवर रेकॉर्ड करून बघायला सांगा, आणि मोबाइल जरा बाजूच्या खुर्चीच्या कोनातून ठेवा.